सहा ठिकाणं, सहा कुलुपं

पुण्यात कुणावर सूड उगवायचा असेल तर फार काही करावं लागत नाही. त्या माणसाला वेळा चुकीच्या सांगायच्या. बाकीचं शहर बघून घेतं. पेठेत दुपारी एकला खाली आलेलं शटर चारशिवाय वर जात नाही. मिसळ संपली की संपली. बाग अकराला मिटते ती उन्हं उतरल्यावर उघडते. आणि रविवारी संध्याकाळी खाणावळीच्या दाराशी जाऊन उभं राहिलं तर 'पाटी वाचता येत नाही का' एवढाच पाहुणचार होतो. मला ह्या सगळ्या वेळा पाठ आहेत. आणि चौदा वर्षं मी एका बाईची वाट बघत होते, की कधी हिला त्या ऐकवता येतील. ती बाई म्हणजे माझी मोठी जाऊ.

कारण सांगते. पण आधी आमच्या सहलींचं सांगायला हवं, कारण वैराचं मूळ तिथं आहे.

आम्ही विश्रांतवाडीत राहतो. नवरा सरकारी कारखान्यात होता, मी एका शाळेच्या कचेरीत. घराचा हप्ता जाऊन जे उरायचं त्यात थंड हवेची ठिकाणं बसत नव्हती, आणि खरं म्हणजे मला ती आवडतही नव्हती. डोंगर एकदा बघून झाला की पुढे त्याचं करायचं काय? मला शहरं आवडतात. दर मे महिन्यात एक शहर, असा आमचा नेम होता. इंदूर, म्हैसूर, अहमदाबाद, भोपाळ, हैदराबाद.

त्याचं माझं एक शास्त्र होतं. रात्रीची गाडी धरायची, म्हणजे एका मुक्कामाचं भाडं वाचतं. उतरायचं एखाद्या समाजाच्या निवासात नाहीतर धर्मशाळेत. तिथं चादरी आपल्या न्यायच्या आणि सातच्या आत आंघोळी उरकायच्या, कारण नंतर गरम पाणी बंद. पहिल्या दिवशी बघायचं काहीच नाही. सगळ्यांत लांबची शहर बस धरायची, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथल्या टपरीवर चहा घ्यायचा आणि त्याच बसनं परत यायचं. शहर काय चीज आहे ते त्या दोन तासांत कळतं. जेवायचं कोर्टाच्या नाहीतर सरकारी दवाखान्याच्या आसपास. तिथं रोजची माणसं जेवतात आणि रोजच्या माणसाला कुणी फसवत नाही. मुलगी अंगानं बारकी होती, त्यामुळे अर्ध्या तिकिटाची सोयही इतरांपेक्षा जास्त दिवस पुरली. आणि प्रत्येक ठिकाणाच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा, सुट्टीचा वार, फुकट प्रवेशाचा वार हे सगळं मी महिनाभर आधी फोन करकरून वहीत उतरवून ठेवायची. इतक्या वर्षांत आम्ही एकाही बंद दाराशी उभे राहिलो नाही. ह्याचा मला गर्व होता. अजून आहे.

म्हणायला आम्ही तिघं जायचो, पण सहल आम्हा मायलेकींची. नवरा सामान सांभाळायला. वही मुलीच्या ताब्यात असायची. एक ठिकाण झालं की ती लाल पेनानं बरोबरची खूण करायची, आणि खूण केल्याशिवाय मला पुढे हलू द्यायची नाही. शेवटच्या थांब्याच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून परक्या लिपीतल्या पाट्या वाचायचा प्रयत्न करायची. दोन दिवसांत तिला चार अक्षरं ओळखू यायची आणि मग ती मला शिकवायची. माझ्या आयुष्यात त्याहून चांगलं काही झालेलं नाही, हे मी साठीच्या उंबरठ्यावर सरळ सांगते.

आता जाऊ. दीर बांधकामाच्या धंद्यात, सहकारनगरला बंगला. ते दरवर्षी परदेशी जायचे, हातात झेंडा धरून पुढे चालणाऱ्या माणसाच्या मागून. परत आल्यावर आम्हाला सगळ्यांना बसवून फोटो दाखवायचे. मुलगी बारा वर्षांची होती त्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे तिथं जमलो होतो. कुणीतरी मला विचारलं, यंदा मे महिन्यात कुठं गेला होतात? मी हैदराबादचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जाऊ म्हणाली, "त्यांची सहल म्हणजे काय माहित्ये का? अर्ध्या तिकिटाची सर्कस. माणसं तीन आणि तिकिटं अडीच."

वीस माणसं हसली. दीर सगळ्यांत मोठ्यानं हसला. माझी मुलगी मोदकांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं आणि ती गच्चीवर गेली, ती आरतीलासुद्धा खाली आली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मी जयपूरची वही काढली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जा. मला नाही यायचं." समजावलं, रागावले, लाच देऊन पाहिली. नाही म्हणजे नाही. ती तिकिटं रद्द केली. नंतर दोनदा आम्ही दोघंच गेलो, पण खिडकीशी बसून पाट्या वाचणारं कुणी नसलं की शेवटचा थांबा नुसता थांबाच असतो. तिथला चहाही पाणचट लागतो. वही मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिली.

तेव्हापासून मी जावेचं नाव मनात कोरून ठेवलं. उघड भांडण केलं नाही. भांडलं की मिटतं. मी बारीकसारीक चालू ठेवलं. तिनं आणलेली परदेशी चॉकलेटं आमच्या सोसायटीच्या वॉचमनला दिली आणि ते तिच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. तिच्या मुलाच्या लग्नातलं जेवण अप्रतिम होतं; मी चारचौघींत म्हणाले, मीठ जरा कमीच. पण ह्या सगळ्या चिमट्यांनी काय होणार? तिनं माझी लेक माझ्या शेजारच्या खिडकीतून उठवली होती. त्याची परतफेड चॉकलेटांत होत नसते.

आणि ह्या वर्षी, मार्च संपता संपता, तिचा फोन आला.

तिच्या मुलाची सासुरवाडी अकोल्याची. व्याही-विहीणबाई दोघंही निवृत्त शिक्षक. आठ दिवसांसाठी पुणं बघायला आले होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही त्यांच्याकडची जुनी रीत, आणि ती ते पाळत होते. बंगल्यात न उतरता त्यांनी सदाशिव पेठेत एका समाजाच्या निवासात खोली घेतली होती.

"अगं, इथं चार खोल्या रिकाम्या आहेत," जाऊ म्हणाली. "आणि हे तिकडे जाजमावर. आमची गाडी नको, ड्रायव्हर नको. बसनं फिरणार म्हणतात. मला चार लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुझ्यासारखेच आहेत गं. म्हणून म्हटलं, तूच त्यांना रविवारचा एक दिवस आखून दे. तुला त्यातलं कळतं. नीट होऊ दे हं, अकोल्याला जाऊन सगळ्या गोतावळ्याला सांगणार आहेत ते."

त्यातलं. चौदा वर्षांनी तिला माझ्या शास्त्राची गरज पडली होती, आणि तरी तिला त्याचं नाव घेववत नव्हतं.

"देते की, वहिनी," मी म्हणाले. इतक्या गोड आवाजात मी तिच्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन.

त्या संध्याकाळी मी फळीवरून वही काढली, धूळ झटकली आणि मागच्या कोऱ्या पानावर रविवार आखायला बसले. आयुष्यात दिवस आखताना मला इतका आनंद झाला नव्हता. सकाळी नऊ: पेठेतलं छोटं संग्रहालय, जे अकराला उघडतं. साडेअकरा: बाग, जी अकराला मिटते. साडेबारा: मिसळ, जी बाराच्या आत संपते. सव्वा एक: बाकरवडी, जिचं शटर एकला खाली येतं. दुपारी दोन: टेकडीवरचं देऊळ, जिथं देव त्या वेळी विश्रांती घेतात आणि पायऱ्या तव्यासारख्या तापतात. रात्री आठ: ती प्रसिद्ध खाणावळ, रविवारी संध्याकाळी बंद. मग मी ते सुवाच्य अक्षरात वेगळ्या कागदावर उतरवलं. वर 'पुणे दर्शन' असं लिहिलं. खाली रेघ मारली.

नवऱ्यानं चष्मा कपाळावर ढकलून कागद वाचला. हा माणूस वर्षाकाठी दहा-बारा वाक्यं बोलतो.

"सहा ठिकाणं आणि सहा कुलुपं," तो म्हणाला. "एक तरी उघडं ठेव. संशय येईल."

"पुण्यात कुणाला संशय येत नाही. पुणं असंच आहे म्हणतात," मी म्हणाले. तो पुन्हा पेपरात गेला.

शुक्रवारी मी कागद द्यायला सदाशिव पेठेत गेले. कारण बघायचं होतं, कोण आहेत ही माणसं. विहीणबाई खोलीच्या दाराशीच भेटल्या. साडी धुऊन दांडीवर टाकली होती, पलंगावर स्वतःची चादर अंथरलेली, खिडकीत शंकरपाळ्यांचा डबा. त्यांनी मला बसवलं, डब्यातून शंकरपाळे काढून दिले, आणि उशीखालून एक छोटी वही काढली.

"ताई, तुम्हाले एक विचारू? इथं बसचा दिवसभराचा पास मिळते म्हनतात, खरं काय?"

"मिळतो," मी म्हणाले. "कंडक्टरकडेच मिळतो. ज्येष्ठांना सवलत आहे." हे एक खरं सांगायला मला हरकत वाटली नाही.

"परवा आलो न, त' आधी कात्रजले जाऊन आलो," त्या म्हणाल्या. "काही काम नव्हतं. पार शेवटच्या स्टॉपवर उतरलो, चहा पेलो, वापस. यांना म्हटलं, असं केल्याबिगर शहर समजत नाही."

ती बाई माझीच होती; कुठल्या अकोल्यात राहून तिला माझं शास्त्र सापडलं होतं देव जाणे. माझा हात पर्समध्ये कागदावर होता. क्षणभर वाटलं, विसरले म्हणावं, घरी जाऊन नीट लिहून आणावं. पण मग मला ती गच्ची आठवली. त्यांचा काय दोष? काही नाही. माझ्या मुलीचा तरी काय दोष होता? मी कागद काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वहीत घडी घालून ठेवला. निघताना मला कुंकू लावलं.

शनिवारी मुलगी आली. ती हडपसरला आयटी पार्कमध्ये नोकरी करते, तिकडेच मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते, आणि शनिवारी धुण्याची पिशवी घेऊन येते. आमचं तसं बरं चाललं होतं. ती यायची, जेवायची, तिच्या खोलीत दार लावून लॅपटॉप घेऊन बसायची. पिशवी टाकत ती म्हणाली, "उद्या मला लवकर उठव. मोठ्या काकूचा फोन होता. अकोल्याच्या पाहुण्यांना पुणं दाखवायचंय. तू म्हणे मस्त प्लॅन दिलायस. त्या पाहुण्या मावशींनी मला त्या कागदाचा फोटो पाठवलाय, अजून बघितला नाही."

मी हातातलं ताट सिंकमध्ये ठेवलं. जावेनं मला न विचारता माझ्या मुलीला मधे घातलं होतं. आता त्या सहा कुलुपांपुढे माझी लेक उभी राहणार होती, टेकडीच्या पायऱ्या तीच भर दुपारी चढणार होती. तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, आणि सूड आणि लाज ह्यांच्या कुस्तीत त्या संध्याकाळी सूडानं लाजेला आडवं केलं. एक दिवस उन्हात फिरल्यानं काही होत नाही, अशी मी माझी समजूत घातली. मी गजर लावला तेव्हा ती म्हणाली, राहू दे, माझा मी लावलाय.

सकाळी उठले तर ती गेली होती. कितीला गेली ते नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

रविवारी दिवसभर मी घड्याळासमोर बसून होते. नऊ वाजले: आत्ता संग्रहालयाच्या पायरीवर. साडेअकरा: बागेचा माळी फाटकाला साखळी घालतोय. साडेबाराला मी वरणभात लावला आणि मनात म्हटलं, आत्ता तो मिसळवाला मान वर न करता 'संपली' म्हणतोय. सव्वा एकला शटर. मला ते शटर ऐकूसुद्धा आलं. दोनला मी पंख्याखाली आडवी झाले आणि टेकडीच्या पायऱ्या मोजत राहिले. मधेच मुलीचा घामेजला चेहरा समोर यायचा, मग मी कूस बदलायची. तीनच्या सुमारास आळंदीकडे जाणारी बस आमच्या खिडकीखालून गेली. तिच्या हॉर्ननं डोळा लागता लागता उघडला आणि मी त्या ड्रायव्हरला शिवी दिली.

पाच वाजेपर्यंत कुणाचाच फोन नाही. सहाला जावेचा आला. मी पदर सावरून बसले.

"अगं, काय सुरेख आखून दिलंस," ती म्हणाली. "विहीणबाई तर म्हणाल्या, असं नेमकं फिरणं आम्ही जन्मात फिरलो नाही. एक मिनिट म्हणून वाया गेलं नाही. सगळ्यांना सांगत होत्या, आमच्या पोरीच्या सासूनं करून दिलं."

सासूनं. म्हणजे श्रेयसुद्धा तिलाच. मी फोन ठेवला. चौदा वर्षं जपून ठेवलेला बार, आणि तो तिच्या दारात फुलबाजी होऊन उडाला होता.

सातला मुलगी आली. हडपसरला न जाता इकडे आली, तिथंच मी काय ते समजायला हवं होतं. चपला काढून ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि माझाच कागद तिनं टेबलावर ठेवला. त्यावर लाल पेनानं बाण काढले होते. टेकडी वर नेली होती, साडेसहाला. मिसळ साडेआठला. मग बाग, अकराला संग्रहालय, साडेबाराला बाकरवडी, आणि खाणावळ दुपारी सव्वा एकला. सहाच्या सहा अर्ध्या दिवसात बसली होती. प्रत्येकासमोर बरोबरची खूण होती.

"एक वेळ चुकली असती तर मी म्हटलं असतं, आई म्हातारी झाली," ती म्हणाली. "सहाच्या सहा? सीरियसली? तुझ्या वह्यांवर मी मोठी झालेय. तुझी एक वेळ चुकत नाही."

नवरा पेपरामागून म्हणाला, "मी सांगितलं होतं." आणि उठून आत गेला.

"दुपारी जेवल्यावर ते दोघं पेंगायला लागले," ती म्हणाली, "म्हणून मी त्यांना आळंदीच्या बसमध्ये बसवलं. शेवटच्या स्टॉपपर्यंत. आपल्या घरावरूनच गेलो."

मग मी ठरवलं, आता खरंच सांगून टाकावं. "तुझ्यासाठी केलं," मी म्हणाले. "त्या बाईनं तुला माझ्यापासून तोडलं. गणपतीला, सगळ्यांसमोर. तिकिटं अडीच म्हणाली. तेव्हापासून तू माझ्याबरोबर आली नाहीस."

ती म्हणाली, "आई, काकूला तिकिटांचं कसं कळलं, असा प्रश्न तुला कधी पडला नाही?"

पडला नव्हता. चौदा वर्षांत एकदाही नाही.

"मी सांगितलं होतं. आदल्या दिवशी, आरास करताना. हैदराबादच्या बसमधलं."

हैदराबादची बस मला आठवत होती. मी तो किस्सा शाळेच्या कचेरीत गंमत म्हणून सांगितलाही होता. कंडक्टरला मी मुलीचं वय अकरा सांगितलं. तो म्हणाला, बच्ची खुद बोलेगी. ही म्हणाली, बारह. मी हसून म्हटलं, हिला हिंदीतले आकडे येत नाहीत, आणि हिला म्हटलं, सांग बरं नीट. ही म्हणाली, ग्यारह. सगळी बस हसली, मीसुद्धा, आणि अर्धं तिकीट मिळालं.

"मी वर्गात हिंदीत पहिली यायचे," मुलगी म्हणाली. "आणि तू नीट म्हणालीस तेव्हा माझा दंड धरला होतास. खूण दोन दिवस होती. उतरल्यावर म्हणालीस, तुझ्यापायी अब्रू जायची वेळ आली होती. माझ्यापायी."

"तेव्हा परिस्थितीच..."

"परिस्थितीचं मला माहीत होतं, वही माझ्याकडेच असायची. त्याच दिवशी संध्याकाळी तू आपल्या सगळ्यांना कुल्फी घेतली होतीस." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "काकूला मी रडत सांगितलं. मला वाटलं, ती तुझ्याशी बोलेल. तिनं त्याचा विनोद केला. तिचाही राग आला मला. पण तो एक गणपती टिकला."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या सुरीला धार लावत बसले होते, ती चालवायची कुणावर हेच मला माहीत नव्हतं. आणि ज्याला सूड म्हणतात तो ह्या घरात केव्हापासूनच घेतला जात होता. मुलीनं मला चुकीच्या वेळा दिल्या नाहीत, चारचौघांत हसली नाही, भांडली नाही. ती फक्त यायची थांबली. माझ्या हातचं जेवून, भांडं विसळून, तिनं चौदा वर्षं तो चालवला, आणि माझ्यासारख्या सूडातल्या जाणकार बाईला त्याचा पत्ता लागला नाही.

खरं सांगू? मला आधी रागच आला. इतकं मनात ठेवून वागते म्हणजे काय? मग लक्षात आलं, ते तिनं कुणाकडून उचललं. लाज त्यानंतर आली आणि आली ती मुक्कामाला.

"मग आज त्यांच्यासमोर माझं बिंग फोडायचंस," मी म्हणाले. "उलट माझंच नाव झालं." ते खरं तर जावेचं झालं, हे मी गिळलं.

"त्यांनी काय केलं होतं तुझं?" ती म्हणाली. "पास काढताना कंडक्टरनं मागायच्या आधी दोघं ओळखपत्रं हातात धरून उभी होती. मावशी म्हणाल्या, वय खरं आहे, पाहून घ्या." ती उठली, पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "पुढच्या रविवारी मी रिकामी आहे. बसनं जायचं तर जाऊ. पण तिकिटं तू काढायची."

जावेचा राग गेला का, असं कुणी विचारेल. नाही गेला. एका रडत्या पोरीनं विश्वासानं सांगितलेलं तिनं मोदकांबरोबर वाढलं, ते मी विसरणार नाही. फक्त आता तो राग दुसऱ्या नंबरावर गेला. पहिल्या नंबरावर जी बाई आली तिला मी रोज आरशात बघते, आणि तिला चुकीच्या वेळा देऊन भागत नाही.

आठवडाभर मी वही उघडली नाही. रविवारी सकाळी आम्ही विश्रांतवाडीच्या थांब्यावर उभ्या राहिलो. कुठं जायचं हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बस आली. ती पुढे चढली आणि सरळ खिडकीशी जाऊन बसली. मी तिच्या शेजारी. चौदा वर्षांनी मी त्या जागेवर बसत होते आणि मला माझ्या पर्सची चेन उघडता येईना.

कंडक्टर आला. चाळिशीचा, घाईत. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून म्हणाला, "आजी, ज्येष्ठ नागरिकाचा पास का?"

त्या सवलतीत बसायला मला अजून चार महिने कमी होते. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मान तिकडे, कान इकडे. आणि काय सांगू, जुनी सवय इतकी चिवट की माझी मान होकारासाठी अर्धी हललीसुद्धा.

"नाही," मी म्हणाले. "अजून चार महिने आहेत. दोन पूर्ण द्या."

"अहो, चार महिन्यांनी काय होतंय," तो म्हणाला. मशीनवर त्याचं बोट तयार होतं. "कार्ड मागत नाही मी. घ्या. इथं कोण बघतंय?"

"बघतंय," मी म्हणाले. "पूर्णच द्या."

त्यानं खांदे उडवले, दोन पास फाडून माझ्या हातात दिले आणि तो पुढे गेला. मी एक तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, वाचला, उलटा करून पुन्हा वाचला, आणि पर्समधून लाल पेन काढलं.